आधी दुरुस्ती की नवी सुविधा? लिनक्सने शोधलेले उत्तर

कोणत्याही सॉफ्टवेअरच्या जडणघडणीत दोन कामे सतत एकमेकांच्या आड येत असतात. आधी लिहिलेल्या प्रोग्राममधील चुका, म्हणजेच ‘बग’, शोधून दुरुस्त करणे हे पहिले आणि वापरणाऱ्यांना हव्या असलेल्या नव्या सुविधा पुरवणे हे दुसरे. खासगी कंपनीत कोणी कोणते काम करायचे हे वरिष्ठ ठरवतात. ज्याचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला असतो, त्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये मात्र असा हुकूम सोडणारा कोणी नसतो. कोणी हौसेने काम करतो, तर कोणी आपल्या कंपनीच्या गरजेपुरते. नव्या सुविधेमुळे नाव होते. दुरुस्तीची दखल क्वचितच घेतली जाते. शिवाय प्रत्येक नवी सुविधा आपल्याबरोबर नव्या चुका घेऊन येते. मग या दोन कामांचा तोल राखायचा कसा? या प्रश्नाचे सर्वाधिक कसोटीला उतरलेले उत्तर लिनक्स कर्नलच्या इतिहासात सापडते.

सम आणि विषम आकडे

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स कर्नल आज जगभरातील असंख्य सर्व्हरमध्ये आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. सुरुवातीच्या काळात त्याच्या आवृत्त्यांची विभागणी सोपी होती. आवृत्तीतील दुसरा आकडा सम असेल, तर ती स्थिर. विषम असेल, तर प्रायोगिक. २.४ मध्ये केवळ दुरुस्त्या आणि २.५ मध्ये नवे प्रयोग, असा तो प्रकार होता.

कागदावर नेटकी वाटणारी ही पद्धत प्रत्यक्षात महागात पडली. २.४ ही आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली; तिच्यानंतरची स्थिर आवृत्ती २.६ यायला डिसेंबर २००३ उजाडला. जवळपास तीन वर्षे नव्या सुविधा प्रायोगिक शाखेत अडकून पडल्या. ग्राहकांना इतके थांबणे शक्य नव्हते. त्यामुळे लिनक्सचे वितरण करणाऱ्या कंपन्यांनी २.५ मधील नवे भाग उचलून आपापल्या २.४ मध्ये बसवले. परिणामी प्रत्येक कंपनीचे २.४ मूळ २.४ पासून दूर गेले. दुसरीकडे, प्रायोगिक आवृत्ती रोजच्या कामासाठी फारसे कोणी वापरत नसल्याने तिच्यातील चुका वेळेवर उघडकीस येत नव्हत्या. दुरुस्ती आणि नवनिर्मिती यांना वेगळ्या खोल्यांत ठेवल्यामुळे दोघींचेही नुकसान झाले.

दोन आठवडे उघडे दार

२००४ च्या उन्हाळ्यात प्रमुख विकासकांच्या बैठकीत २.७ ही प्रायोगिक शाखा न काढण्याचे ठरले. पुढच्या वर्षी आजची पद्धत रूढ झाली. नवी आवृत्ती जाहीर होताच दोन आठवड्यांचा ‘मर्ज विंडो’ सुरू होतो. नव्या सुविधा आत येण्याचा काळ तेवढाच. त्यानंतर दार बंद होते आणि पुढचे सहा ते आठ आठवडे केवळ चुका दुरुस्त करण्यात जातात. दर आठवड्याला ‘आरसी’ नावाची चाचणी आवृत्ती निघते. सातव्या किंवा आठव्या आरसीनंतर अंतिम आवृत्ती जाहीर होते. हे चक्र साधारण नऊ ते दहा आठवड्यांचे असते.

या पद्धतीचे मर्म तिच्या आखूडपणात आहे. पूर्वी एखादी सुविधा वेळेत तयार झाली नाही, तर पुढची संधी दोन-तीन वर्षांनी येई. त्यामुळे अर्धवट काम रेटून आत घुसवण्याचा मोह होई. आता गाडी चुकली, तर पुढची गाडी दोन-अडीच महिन्यांत मिळते. थांबण्याची किंमत कमी झाली आणि घाईचे कारणही उरले नाही.

त्याच्या जोडीला एक कडक नियम आहे. पूर्वी नीट चालणारी गोष्ट नव्या बदलामुळे बिघडली, तर तो बदल सुधारावा लागतो किंवा मागे घ्यावा लागतो. बदलामागचा हेतू चांगला होता, ही सबब चालत नाही.

जुन्या आवृत्तीचे काय?

प्रत्येकाला दर दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती बसवणे शक्य नसते. त्यासाठी मार्च २००५ पासून ‘स्टेबल’ शाखा सुरू झाली. जाहीर झालेल्या आवृत्तीत येथे फक्त दुरुस्त्या होतात. बदल साधारण शंभर ओळींपेक्षा मोठा नसावा आणि तो आधी मुख्य शाखेत स्वीकारला गेलेला असावा, अशा अटी आहेत. दुसरी अट विशेष महत्त्वाची. ती नसती, तर जुन्या आवृत्तीत दुरुस्त झालेली चूक नव्या आवृत्तीत पुन्हा डोके वर काढू शकली असती. काही निवडक आवृत्त्यांची देखभाल अनेक वर्षे केली जाते. अँड्रॉइड फोनमधील कर्नल अशाच दीर्घकालीन आवृत्त्यांवर आधारलेले असते.

दुरुस्ती म्हणजे नेमके काय?

नियम कितीही स्पष्ट असले, तरी दुरुस्ती कशाला म्हणायचे यावर वाद होतोच. २०२५ मधील ‘बीकॅशएफएस’ प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण. डिस्कवर फाइल साठवण्याची व्यवस्था पाहणारी ही फाइल सिस्टिम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ६.७ या आवृत्तीत दाखल झाली होती. जून २०२५ मध्ये ६.१६ ची आरसी फेरी सुरू असताना तिचे निर्माते केंट ओव्हरस्ट्रीट यांनी बिघडलेल्या डिस्कवरील माहिती परत मिळवण्याचा एक नवा पर्याय पाठवला. लोकांची माहिती वाचवणे याहून मोठी दुरुस्ती कोणती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. टॉरवाल्ड्स यांच्या दृष्टीने मात्र ती नवी सुविधा होती आणि दार बंद झाले होते.

तो बदल अखेर स्वीकारला गेला. पण यापुढे आपल्या वाटा वेगळ्या होतील, असे टॉरवाल्ड्स यांनी त्याच वेळी जाहीर केले. ६.१७ मध्ये या फाइल सिस्टिमची नोंद ‘बाहेरून देखभाल होणारी’ अशी झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या ६.१८ मधून तिचा प्रोग्रामच काढून टाकण्यात आला. ती वापरणाऱ्यांना आता तो भाग कर्नलबाहेरून बसवावा लागतो. एका बाजूला तातडीची गरज, दुसऱ्या बाजूला सर्वांसाठी सारखी शिस्त. दोन्ही बाजूंत तथ्य होते. मात्र प्रत्येकाने आपल्या सोयीनुसार अपवाद मागितला, तर वेळापत्रकाला अर्थ राहत नाही, हेही तितकेच खरे.

वेळापत्रकाला माणसे हवीत

शिस्त असली, तरी काम करणारे हात नसतील, तर ती लुळी पडते. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’च्या मार्च २०१२ मधील १.०.१ या आवृत्तीत ‘हार्टबीट’ नावाची नवी सुविधा आली. समोरून आलेल्या संदेशाची सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचे त्यात राहून गेले. बहुसंख्य संकेतस्थळांना या सुविधेची गरज नव्हती, तरीही ती आपोआप सुरू असे. त्यामुळे दर मागणीला सर्व्हरच्या मेमरीतील ६४ किलोबाइटपर्यंत माहिती परक्याच्या हाती लागू शकत होती. ‘हार्टब्लीड’ या नावाने ही चूक ७ एप्रिल २०१४ रोजी जगासमोर आली, तोवर दोन वर्षे उलटली होती.

जगातील मोठमोठ्या कंपन्या वापरत असलेल्या या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत असल्याचे तेव्हा उघड झाले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने कंपन्यांकडून निधी गोळा करून अशा दुर्लक्षित प्रकल्पांना मदत देण्याचा उपक्रम सुरू केला. ओपनबीएसडीच्या विकासकांनी त्याच प्रोग्रामच्या आधारे ‘लिब्रेएसएसएल’ हा वेगळा प्रकल्प काढला आणि हजारो अनावश्यक ओळी छाटण्यापासून कामाला आरंभ केला. सुविधा काढून टाकणे हीदेखील एक दुरुस्तीच असते.

या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष असा, की अमुक टक्के दुरुस्ती आणि तमुक टक्के नवनिर्मिती, असे प्रमाण ठरवून हा तोल साधत नाही. प्रत्येक कामाला त्याचा हंगाम नेमून द्यावा लागतो, तो पाळावा लागतो आणि दुरुस्तीच्या हंगामात राबणाऱ्यांची सोय पाहावी लागते. सॉफ्टवेअरवरील ‘स्टेबल’ ही खूण वाचताना वापरणाऱ्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे, की तिचा अर्थ चुका संपल्या असा नाही. नव्या सुविधांसाठी दार बंद झाले आहे आणि आत दुरुस्तीचे काम चालू आहे, एवढेच ती सांगते.