सहा महिन्यांच्या आगीची कुळकथा

आमच्या मुरुडला व्याख्यानात ग्रंथांचा विषय निघाला, की एखादा वक्ता आवाज चढवून सांगतोच : नालंदाचं ग्रंथालय सहा महिने जळत होतं! टाळ्या पडतात. पण हे सहा महिने आले कुठून?

त्यांचं माहेर इजिप्त असावं. अरबांनी इजिप्त घेतलं सातव्या शतकात. इब्न अल-किफ्तीनं तेराव्या शतकात लिहून ठेवलं, की खलिफा उमरच्या हुकमावरून अलेक्झांड्रियाचे ग्रंथ हमामखान्यांत जळण म्हणून वाटले आणि ते सहा महिने पुरले. निकिऊचा बिशप जॉन सातव्या शतकातलाच. त्याच्या उपलब्ध इतिहासात अरबांच्या जुलमांचा पाढा आहे. या जळणाबद्दल अवाक्षर नाही.

आता नालंदा. ही आग ज्याच्या नावावर सांगतात, त्या बख्तियार खिलजीनं बिहारचा किल्ला घेतल्याचं वर्णन इतिहासकार मिन्हाजच्या 'तबकात-इ-नासिरी'त आहे. मुंडन केलेले सगळे मारले गेले. पुस्तकांचा ढीग सापडला, पण त्यात काय आहे ते सांगायला कोणी उरलं नाही. कत्तल आहे, नालंदाचं नाव नाही, होळीही नाही. पुढे 1235 च्या सुमारास तिबेटी यात्रेकरू धर्मस्वामी नालंदाला गेला, तेव्हा नव्वदीचे राहुल श्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. तिबेटी दंतकथेत आग आहे, पण ती लावणारे चिडलेले तीर्थिक, म्हणजे बौद्धेतर साधू. उत्खननात जळल्याच्या खुणा मिळाल्यात, म्हणजे आग खोटी नाही. महिने मात्र कोणी मोजलेले नाहीत.

आपल्याकडचा दाखला वेगळा आहे. महानुभाव परंपरा सांगते, म्हाइंभटांची लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली. पण कथा तिथं थांबत नाही. शिष्यांनी लीळा आठवून पुन्हा लिहिल्या. लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ त्यातूनच आले, असं मानतात.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी विनवीत : तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून सांभाळा, मूर्खाच्या हाती देऊ नका. त्यांची धास्ती रोजची होती. इकडच्या एका जुन्या वाड्यात मी बासन सोडलं, तर कापड शाबूत आणि आत नुसती माती. पानं वाळवीनं खाल्लेली. तिथं कुठलाही खिलजी आला नव्हता.

तुमच्या देवघरात एखादं बासन असेल तर या दिवाळीआधी सोडा, पानं झटका, फोटो काढून ठेवा आणि पुन्हा घट्ट बांधा.