सरकता रस्ता

गाडी डोळ्यांदेखत सुटली म्हणून हळहळला नाही असा नागरिक विरळाच. मग गाडी धावण्याऐवजी रस्ताच का धावू नये? प्रश्न गमतीचा वाटेल. पण अमेरिकेतील आल्फ्रेड स्पीअर या मद्यव्यापाऱ्याने तो गंभीरपणे मांडला आणि १८७१ साली फिरत्या पदपथाचे पेटंट घेतले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात असा पथ सरोवराच्या धक्क्यावर प्रत्यक्ष फिरला.

त्याचे खरे वैभव दिसले ते पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात. उंच खांबांवर सुमारे साडेतीन किलोमीटरांचे लाकडी फळ्यांचे वर्तुळ विजेच्या बळावर फिरत होते. शेजारी शेजारी तीन पट्टे : पहिला स्थिर, दुसरा ताशी सुमारे चार किलोमीटरांचा, तिसरा आठांचा. आधाराला खांब होतेच. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर पाऊल टाकायचे. वाट पाहणे नाही, वेळापत्रक नाही.

त्याच वर्षी, १९ जुलैला, त्याच शहरात भुयारी मेट्रो सुरू झाली. प्रदर्शन संपले आणि सरकता रस्ता मोडून काढला गेला; मेट्रो मात्र वाढत गेली. असे का व्हावे?

गाडी स्थानकावर थांबते, म्हणूनच ती मधल्या अंतरात वेगाने धावू शकते. सरकता रस्ता थांबतच नाही. म्हणून चढणाऱ्याच्या पावलाला झेपेल तेवढाच त्याचा वेग. पॅरिसच्या हिशेबाने ताशी चोवीस किलोमीटर गाठायचे, तर एकाशेजारी एक असे सहा फिरते पट्टे हवेत! शिवाय प्रवासी एक असो वा हजार, सारे वर्तुळ फिरवावेच लागणार.

पॅरिसनेच हा प्रश्न पुन्हा सोडवून पाहिला. २००२ साली मोंपार्नास स्थानकात सुमारे १८० मीटरांचा वेगवान पट्टा बसवला. चढणाऱ्याला हळूहळू वेग देणारी योजना त्यात होती. तरीही माणसे पडू लागली. ताशी बाराचा वेग नऊवर आणावा लागला आणि २०११ मध्ये तो पट्टा बंद झाला.

म्हणून आज सरकता रस्ता आढळतो तो विमानतळांच्या आणि स्थानकांच्या लांब दालनांत, मंद गतीने. त्याला हिणवू नये. सार्वजनिक वाहन धडधाकट तरुणापुरते नसते. काठी टेकणाऱ्या आजोबांना आणि कडेवर मूल घेतलेल्या आईलाही त्यावर निर्धास्त पाय ठेवता आला पाहिजे. नगररचनेच्या नव्या कल्पना ऐकताना आपण नागरिकांनी प्रथम विचारावे ते हेच : यावर चढायचे कसे, आणि उतरायचे कसे?