ओले अंथरूण आणि एक घंटा

१/ झोपेत अंथरूण ओले करणाऱ्या मुलाच्या वाट्याला शतकानुशतके शिक्षा तरी येई, नाहीतर विचित्र औषधे. सोळाव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस फेअर यांनी बालरोगांवरील आपल्या ग्रंथात त्यासाठी कोंबड्याच्या श्वासनलिकेची पूड सुचवली होती.

२/ १९०४ मध्ये बालरोगतज्ज्ञ माइनहार्ड फॉन फाउंडलर यांनी एक विद्युत उपकरण मांडले. अंथरूण ओले होताच विद्युतमंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. हेतू एवढाच, की परिचारिकेने वेळेवर कपडे बदलावेत. मात्र काही काळाने त्या मुलांचे अंथरूण ओले होणेच कमी झाल्याचे त्यांच्या लक्षात आले.

३/ या योगायोगाला उपचाराचे रूप दिले ते अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ होबार्ट मावरर आणि विली मे मावरर या दांपत्याने. १९३८ मध्ये त्यांनी ३० मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. सर्व मुलांची रात्र कोरडी झाली, आणि तीही फार तर दोन महिन्यांत.

४/ त्यांचा विचार पावलॉव्हच्या सिद्धांतावर आधारलेला होता : मूत्राशय भरल्याची जाणीव आणि जाग येणे यांची सांगड घंटा घालून देते, पुढे घंटेवाचूनही जाग येते. काही मुलांत तक्रार उलटते, तेव्हा उपचार पुन्हा करावा लागतो.

५/ ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेतही या गजराला अग्रक्रमाच्या उपचारांत स्थान मिळाले. घंटेने अंथरुणाइतकाच दृष्टिकोनही बदलला. ज्याला खोडी समजून शिक्षा होत होती, ते शरीराचे अपुरे राहिलेले शिक्षण ठरले.