वाहनचोरी आणि जीपीएस ट्रॅकर : पिंपरी-चिंचवड व चाकण

मालकाच्या संमतीविना दुचाकी, मोटार किंवा मालवाहू वाहन पळवणे हा वाहनचोरीचा गुन्हा होय. चोरीस गेलेले वाहन कुठे आहे हे कळावे म्हणून त्यात बसवलेल्या उपग्रहाधारित यंत्राला जीपीएस ट्रॅकर म्हणतात. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण हा पट्टा वाहने घडवणारा आहे आणि त्याच पट्ट्यातला कामगार स्वतःची दुचाकी रस्त्याकडेला लावून निजतो. त्यामुळे हा विषय इथे घरोघरचा झाला आहे.

परिसर : पिंपरीत टाटा मोटर्स (पूर्वीची टेल्को), आकुर्डीत बजाज ऑटो आणि फोर्स मोटर्स, तर पुणे-नाशिक महामार्गालगत चाकणला बजाज, महिंद्र, मर्सिडीज-बेंझ आणि २००९ मध्ये सुरू झालेला फोक्सवॅगनचा कारखाना, अशी ही वाहननगरी आहे. बजाजची पल्सर चाकणला तयार होते. या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांचे कारखाने खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, कुरुळी, निघोजे या गावांभोवती पसरले आहेत. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कामगार याच गावांत भाड्याच्या खोल्या घेऊन राहतात. खोल्यांना वाहनतळ नसतो. तिसऱ्या पाळीहून परतलेल्याची गाडी बोळात किंवा रस्त्याकडेला उभी राहते.

१५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. तेव्हा पुणे ग्रामीण पोलिसांकडची चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी त्याच्या हद्दीत आली.

चोरीची रीत : साध्या दुचाकीचे हँडल लॉक जोराच्या झटक्याने तुटते. मग स्विचच्या वायरी जोडून गाडी ‘डायरेक्ट’ सुरू केली जाते. कुलूप झिजलेले असेल तर दुसरी एखादी चावीही चालून जाते. रुग्णालयाचे आवार, आठवडे बाजार, कंपनीचे गेट, रेल्वे स्थानकाबाहेरचा रस्ता, सोसायटीचे उघडे पार्किंग ही चोरट्यांच्या सोयीची ठिकाणे. पुढे नंबरप्लेट बदलते, इंजिन व चॅसी क्रमांक खोडले जातात आणि ‘कागदपत्रे नंतर देतो’ असे सांगून गाडी दूरच्या खेड्यात स्वस्तात विकली जाते. काही गाड्या सुट्या भागांसाठी मोडल्या जातात. काही सोनसाखळी ओढण्यासाठी वापरून कुठेतरी टाकून दिल्या जातात.

बिनचावीच्या मोटारींची चोरी वेगळी असते. घरात ठेवलेल्या रिमोटचा संदेश यंत्राने पकडून गाडीपर्यंत पोहोचवला जातो, किंवा बिघाडाच्या निदानासाठी असलेल्या ओबीडी जोडणीतून नवी चावी तयार केली जाते.

कायदा : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) ने घेतली. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा पूर्वीसारखीच, कमाल तीन वर्षांची. मात्र माल किंवा प्रवासी वाहून नेणारे वाहन चोरल्यास कलम ३०५ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि टोळीने केलेली वाहनचोरी कलम १११ मधील संघटित गुन्हेगारीत मोडू शकते. चोरीची वस्तू आहे हे ठाऊक असून ती घेणाराही कलम ३१७ खाली दोषी ठरतो. कागदपत्रांविना गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

ट्रॅकरचे काम : उपग्रह गाडीला ‘पाहतो’ हा समज चुकीचा आहे. ट्रॅकरमधला रिसीव्हर किमान चार उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो आणि त्यांच्या वेळेवरून आपले स्थान काढतो. मोकळ्या आकाशाखाली ते काही मीटरांपर्यंत अचूक असते. हे स्थान मालकाच्या मोबाइलवर पोहोचवण्याचे काम मात्र यंत्रातले सिमकार्ड करते. रिचार्ज संपले की ट्रॅकर मुका होतो.

दुचाकीत काडेपेटीएवढे यंत्र सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलआड बसवतात. एक वायर बॅटरीच्या धन टोकाला, दुसरी ऋण टोकाला, तिसरी इग्निशनला. गाडी बंद असताना ती हलली की फोनवर सूचना येते आणि बॅटरीची वायर कापली तर ‘पॉवर कट’चा इशारा येतो, आतली छोटी बॅटरी त्यानंतरही काही काळ यंत्र चालू ठेवते. काही यंत्रांना रिले जोडून इंजिन दुरून बंद करता येते; पण धावती गाडी अशी बंद पाडणे जिवावर बेतू शकते.

नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-एच नुसार १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी सेवा वाहनांत स्थाननिदर्शक यंत्र व आपत्कालीन बटण सक्तीचे आहे. त्यासाठीचे मानक एआयएस-१४०. अशी वाहन मानके पुण्याची एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. पुणेकर जिला एआरएआय टेकडी म्हणतात तिथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय आहे आणि चाकणलाही तिचे केंद्र आहे. स्थाननिदर्शक यंत्राच्या सक्तीतून दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा वगळल्या आहेत. म्हणजे कामगाराची जी गाडी सर्वांत सहज चोरीला जाते, तिचे रक्षण त्याच्या स्वतःच्या खिशावर सोडले आहे. गाडी गेली तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत आणि पाळीवर पोहोचण्याचा खर्च वाढतो. दुचाकी बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वस्त व पक्का ट्रॅकर कारखान्यातच बसवून देणे हा यावरचा सरळ उपाय आहे.

उपयोग व मर्यादा : ट्रॅकर चोरी रोखत नाही, तर शोधाची वेळ वाचवतो. म्हणून पहिले तास मोलाचे. मालकाने स्वतः पाठलाग न करता ११२ वर कळवावे आणि लोकेशन पोलिसांना द्यावे. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. तळघर, लोखंडी कंटेनर किंवा जॅमर यांपुढे यंत्र हतबल होते. अशा वेळी शेवटचे नोंदलेले ठिकाणच तपासाचा धागा ठरते.

अमेरिकेत १९८६ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये वापरात आलेले लोजॅक हे जीपीएसऐवजी रेडिओवर चालणारे यंत्र होते. गाडीवर त्याची खूण नसे, त्यामुळे कोणत्या गाडीत ते आहे हे चोराला कळत नसे. इयन एअर्स व स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या अनिश्चिततेमुळे यंत्र नसलेल्या गाड्यांच्या चोऱ्याही घटल्याचे आढळले. ट्रॅकर लपवून बसवण्याचे महत्त्व त्यातून दिसते.

विमा : केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही, सर्वसमावेशक विमा लागतो. एआरएआयची मान्यता असलेले चोरीविरोधी यंत्र बसवल्यास मोटार विमा दरपत्रकात स्वनुकसान हप्त्यावर २.५ टक्के, कमाल ५०० रुपये सवलतीची तरतूद आहे. गाडी सापडली नाही तर पोलिसांची ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, विमा कंपनीला द्यावी लागते. गुन्हा वेळेत नोंदवला असेल, तर विमा कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून दावा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० रोजी गुरशिंदर सिंग प्रकरणात दिला.

खासगीपणा : ट्रॅकर गाडीसोबत चालकाचाही माग ठेवतो आणि असा सततचा माग खासगीपणाला बाधा आणू शकतो. जामिनावर सुटलेल्याने गुगल नकाशावरून आपले स्थान तपास यंत्रणेला सतत कळवत राहावे ही अट खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस खटल्यात म्हटले. मालवाहू गाड्यांत ट्रॅकर बसवणाऱ्या वाहतूकदारांनी चालकाला त्याची स्पष्ट कल्पना द्यायला हवी. जुनी गाडी विकताना ट्रॅकरचे खाते नव्या मालकाच्या नावे करणेही गरजेचे असते. नाहीतर तिच्या प्रत्येक फेरीची नोंद आधीच्या मालकाच्या फोनवर दिसत राहते.