जुन्या रेडिओच्या पोटातील इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक अपराध घडला. गोंदिया जिल्ह्यातील एका खेड्यातील कुटुंबाने आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आमच्याकडे आणून ठेवला होता. आजोबा केव्हाच निवर्तले. परंतु आजी हयात होत्या, आणि तो रेडिओ पुन्हा एकदा बोलताना ऐकावा एवढीच त्यांची इच्छा होती. तरुणपणी आम्हांला अशा यंत्रांची थोडी हौस होती. तेवढ्या भांडवलावर आम्ही वरची धूळ पुसली, पिन भिंतीत खोचली आणि बटण फिरवले. आतील दिवा लागला, मोठी गुणगुण सुरू झाली, आणि पाहता पाहता जळका वास सुटून सारे शांत झाले.

गोंदियाच्या बाजारात सत्तरी ओलांडलेले एक मेकॅनिक आहेत. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला, एकदा वास घेतला आणि म्हणाले, "फादर, हा मेला नव्हता, झोपला होता. तुम्ही उठवायला घाई केली." त्यांच्या या एका वाक्याने आम्हांला त्या पेटीचा इतिहास शोधायला लावले.

मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे होते. कंपनी 1930 साली बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, आणि 1936 साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. आमच्या पूर्व विदर्भाला स्वतःचा आवाज मिळाला तो 16 जुलै 1948 रोजी, नागपूर केंद्र सुरू झाले तेव्हा. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. नागपूर येथून सुमारे 130 किलोमीटर दूर; तेवढे अंतर मध्यमलहरी सहज तोडतात. छपरावर उंच तार बांधली की नागपूरचे प्रक्षेपण भाताच्या बांध्यांपर्यंत पोचे. पुढे 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती आली, आणि रेडिओ बातम्यांबरोबर गाण्यांचाही झाला.

तथापि ऐकणे स्वस्त नव्हते. रेडिओ बाळगण्यास परवाना लागे, त्याचे शुल्क डाकघरात भरावे लागे. जेथे वीज नव्हती तेथे बॅटरीवरचे संच येत. त्यांतील व्हॉल्व्हची तार तापविण्यास दीड व्होल्ट पुरत असला तरी दाबासाठी सुमारे 90 व्होल्टची वेगळी जड बॅटरी लागे. ती संपली की घर मुके होई. म्हणूनच एका संचाभोवती सारी वाडी जमे. 1956 साली याच सामूहिक श्रवणाचा पद्धतशीर प्रयोग पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने केला. महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतील 150 गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापून त्यांना शेतीविषयक 20 कार्यक्रम ऐकवले गेले. मंडळी ऐकत, नंतर आपसांत चर्चा करीत. पुढे ट्रान्झिस्टर आला; टॉर्चच्या चार सेलांवर जे काम होऊ लागले त्यापुढे व्हॉल्व्हची पेटी माळ्यावर गेली. ठाण्याचा मर्फी आणि पुण्याजवळील लोणी काळभोरचा फिलिप्स ही ज्या घरांची प्रतिष्ठा होती, त्याच घरांत त्या पेट्यांवर धान्याची पोती रचली गेली.

आता पेटीच्या आत पाहू. घरगुती संचात बहुधा पाच व्हॉल्व्ह असतात. पहिला येणारी लहर घेतो आणि तिच्यात स्वतःची एक लहर मिसळतो. 585 किलोसायकलचे केंद्र हवे असेल तर संच आत 1040 ची लहर निर्माण करतो. दोहोंतील फरक 455 होतो. कोणतेही केंद्र लावा, फरक तोच राहतो, म्हणून पुढचा सारा भाग त्या एकाच आकड्यासाठी बांधता येतो. ही युक्ती अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1918 साली शोधली. दुसरा व्हॉल्व्ह तो फरक वाढवतो, तिसरा त्यातून आवाज वेगळा काढतो, चौथा स्पीकरला बळ देतो, आणि पाचवा विजेच्या उलटसुलट प्रवाहाला एका दिशेने वळवतो.

आमचा अपराध या पाचव्यापाशी झाला. त्याच्यामागे प्रवाह सरळ, शांत करणारे मोठे कंडेन्सर असतात. त्यांच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अतिशय पातळ गंजासारखा थर असतो. तोच विजेला अडवतो. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तो थर विरतो. अशा वेळी एकदम पूर्ण दाब दिला की कंडेन्सर वीज अडवत नाही, गिळतो. मग पाचवा व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोघेही जळतात. आम्ही नेमके हेच केले होते.

मेकॅनिककाकांची रीत निराळी. जुना संच आला की ते त्याला आधी एका साध्या बल्बमधून वीज देतात. बल्ब एकसारखा लखलखला तर आत कोठेतरी गळती आहे. हळूहळू मंद झाला तर संच जागा होत आहे. त्यानंतर मेणकागदाचे कंडेन्सर ते न तपासताच बदलतात. विशेषतः तिसऱ्या आणि चौथ्या व्हॉल्व्हमधला. तो गळू लागला तर चौथा व्हॉल्व्ह लाल होऊन आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. दोष शोधताना ते शेवटून सुरुवात करतात. आवाजाच्या बटणाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि स्पीकर गुणगुणला तर मागचा अर्धा भाग धड आहे, दोष पुढच्या भागात. खरखर झाली तर बटणातील धूळ. केंद्र बदलत नसेल तर काट्याचा दोरा तुटलेला.

दोन सूचना त्यांनी आम्हांला कडक शब्दांत दिल्या. पिन काढल्यानंतरही मोठा कंडेन्सर झटका देतो. तो रोधामार्फत रिकामा केल्याशिवाय आत हात घालू नये. आणि ज्या संचात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो त्याचा पत्र्याचा सांगाडा थेट विजेला जोडलेला असू शकतो. तेथे घरच्या घरी प्रयोग करूच नयेत. वाचकांनी या सूचना मनावर घ्याव्यात.

आमच्या संचाचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळावा लागला. भाताला पाणी देणाऱ्या मोटारी या भागात सर्वत्र आहेत, त्यामुळे रिवाइंडिंग जाणणारे हात अजून आहेत. काकांनी जळालेली तार उलगडताना प्रत्येक वेढा मोजून वहीत लिहिला. घाईने कापून टाकली असती तर किती वेढे हवेत हे कोणालाच कळले नसते. त्यांच्या शेजारी बसून मोजण्यास मात्र कोणी मुलगा नव्हता. त्यांची नजरही आता मंदावली आहे. ती वही त्यांच्यामागे कोणी वाचील काय, या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नाही.

एका सायंकाळी आम्ही संच आजींकडे पोचवला. मध्यमलहरींवरील अनेक प्रक्षेपक अलीकडच्या काळात बंद झाले आहेत. पूर्वी जेथे काटा ठेवू तेथे कोणी बोलत असे, आता बराच भाग नुसती सरसर. तरी एका ठिकाणी निवेदिकेचा आवाज स्पष्ट लागला. आजी कार्यक्रमाकडे लक्ष देत नव्हत्या. त्या पुढे सरकून पेटीच्या लाकडावर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "तसाच गरम होतोय."

घराघरांत माळ्यावर अशा पेट्या असतील. त्या विकू नका, फेकू नका, आणि आमच्यासारखी घाईही करू नका. ज्यांना त्यांचे पोट उघडता येते ती माणसे अजून बाजारात बसलेली आहेत. एखाद्या सुटीत घरच्या मुलाला सोबत घेऊन त्यांच्याकडे जा, आणि वेढे मोजण्याचे काम त्याला द्या.