खाण जपायची म्हणजे काय जपायचं?

आमच्या टेंभुर्णीत विहीर खणली की काळा पाषाण लागतो, कोळसा नाही. कोळसा आम्ही पाहिला तो वखारीत, नाहीतर जालन्याच्या स्टेशनावर वाफेच्या इंजिनात. विदर्भाला मात्र कोळशाची खाण घरची आहे.

वरोरा म्हटलं की आपल्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं. त्याच वरोऱ्यात १८७१ ते १९०६ या काळात सरकारी कोळसा खाण चालली. वर्ध्याहून तिथवर लोहमार्ग आला तो या कोळशासाठीच. वरोऱ्याची खाण बंद झाली आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. इंग्रजांच्या गॅझेटियरात तिची नोंद आहे. साल आहे, हिशेब आहे. खाली उतरून कोळसा फोडणाऱ्याचं नाव मात्र नाही.

२०१६ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स आणि राज्याचं पर्यटन महामंडळ यांनी नागपूरजवळ सावनेर भागात खाण-पर्यटन सुरू केलं. घरातल्या दिव्यामागे कुणाचा घाम आहे, हे शाळकरी पोरांना कळावं, ही चांगलीच गोष्ट. पण सहल वेगळी आणि वारसा वेगळा.

इंडोनेशियात सुमात्रा बेटावर सावालुंतो नावाचं गाव आहे. डचांनी तिथल्या खाणीत कैदी आणले आणि त्यांच्या पायांत साखळदंड घालून राबवून घेतलं. ‘साखळीची माणसं’ हीच त्यांची ओळख. मेल्यावर थडग्यावर नावाऐवजी क्रमांक! गावाने ही लाज झाकली नाही. कामगारांसाठी जिथे एकत्र अन्न शिजायचं, ते स्वयंपाकघर २००५ मध्ये संग्रहालय झालं. जुना बोगदा लोकांना खुला झाला. २०१९ मध्ये युनेस्कोने या खाणीला जागतिक वारसा ठरवलं. तिथल्या बराकींत नाना बोली मिसळून एक नवी बोली जन्मली होती. गाव तिलाही वारसा मानतं.

मी घरात दखनी बोलतो, कविता मराठीत लिहितो. छावणीत आणि बाजारात घडलेल्या बोलीचं मोल मला कुणी सांगावं लागत नाही. चंद्रपूर-वणीच्या खाणींतही मराठी, तेलुगू, छत्तीसगढी, हिंदी बोलणारे एकाच पाळीत खाली उतरत आले. अंधारात एकमेकांना सावध करताना त्यांनी कोणते शब्द वापरले? ते कुठे लिहून ठेवले आहेत?

वेल्समधली ‘बिग पिट’ खाण १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ मध्ये पाहुण्यांसाठी उघडली. तिथे वाट दाखवायला जुने खाणकामगारच उभे राहिले. आपल्याकडेही निवृत्त कामगार आहेत. त्यांना बोलतं करायला मोठा निधी लागत नाही.

खाण बंद झाली की यंत्रं भंगारात जातात आणि हजेरीपट रद्दीत. आधी तो हजेरीपट वाचवा. पडलेली भिंत पुन्हा बांधता येते. पुसलेलं नाव पुन्हा कुठून आणणार?