कैदी क्रमांक ८१-अ

युद्धांतील शिपाई आणि त्याचा कुत्रा हा किशोरवाचकांसाठीं लिहिलेल्या कादंबऱ्यांचा आवडता विषय आहे. अशा कादंबरींत संकटें कितीही येवोत, शेवटच्या प्रकरणांत दोघेही घरीं पोंचणार हें वाचकास आधींच ठाऊक असतें. फ्रँक विल्यम्स आणि ज्यूडी यांना तें ठाऊक नव्हतें.

पॉइंटर जातीची ही कुत्री १९३६ सालीं शांघाय येथें जन्मली व ब्रिटिश आरमाराच्या तोफनौकांवर वाढली. फेब्रुवारी १९४२ मध्यें, सिंगापूर पडण्याच्या सुमारास, जपानी विमानांनीं तिची 'ग्रासहॉपर' ही नौका बुडविली. खलाशी ज्या निर्जन बेटावर उतरले तेथें गोडें पाणी दिसेना. तें ज्यूडीनें जमीन उकरून दाखविलें, असें तिचे सोबती सांगत. पुढें सुमात्रांतील पाडांग गांठेपर्यंत सुटकेचीं जहाजें निघून गेलीं होतीं. सारेच कैद झाले.

मेदानच्या छावणींत ऑगस्ट १९४२ मध्यें वायुदलाच्या विल्यम्सनें आपल्या वांट्याचा भात तिच्यापुढें ठेवला. पोटभर जेवणाऱ्यानें कुत्र्यास घांस टाकणें निराळें आणि उपाशी माणसानें आपलें ताट सारणें निराळें! पुढें तर त्यानें, छावणीचा अधिकारी मद्याच्या अमलाखालीं असतांना, एक पिल्लू देऊं करून ज्यूडीची युद्धकैदी म्हणून नोंद करवून घेतली. त्याचा क्रमांक ८१, तिचा ८१-अ. क्रमांक मिळाला कीं माणसाचें नांव पुसलें जातें, अशी आपली समजूत. येथें पहारेकऱ्याच्या गोळीपासून जें काय संरक्षण मिळालें तें त्या क्रमांकानेंच.

२६ जून १९४४ रोजीं कैद्यांना सिंगापूरकडे नेणारें जहाज 'ट्रुक्युलंट' या ब्रिटिश पाणबुडीनेंच बुडविलें. आंत आपलेच लोक आहेत हें तिला कोठून कळणार? विल्यम्सनें ज्यूडीला जहाजाच्या गोल खिडकींतून समुद्रांत लोटलें. दोघांची पुन्हा गांठ पडली ती सिंगापूरच्या छावणींत.

तेथून त्यांना सुमात्रांत पाकनबारूच्या लोहमार्गावर नेण्यांत आलें. सुमारें २२० किलोमीटरांचा तो मार्ग १५ ऑगस्ट १९४५ रोजीं, म्हणजे जपाननें शरणागति जाहीर केली त्याच दिवशीं, पुरा झाला. आपण मेलों तर हिचें काय होईल, या एका विचारानें आपणांस जगविलें, असें विल्यम्स पुढें सांगे. त्याच रुळांखालीं इतिहासकारांच्या अंदाजानें सुमारें ८०,००० रोमुशा मेले. हे बहुतेक जावांतून धरून आणलेले मजूर. त्यांच्या नांवांची नोंद जवळजवळ नाहींच. ज्यूडीची हकीकत वाचतांना मन आनंदतें खरें, पण येथें येऊन तें अडखळतें, आणि अडखळावेंच.

इंग्लंडांत सहा महिने विलगवासांत काढल्यावर मे १९४६ मध्यें ज्यूडीला डिकिन पदक मिळालें. पुढें विल्यम्स नोकरीनिमित्त टांगानिकांत गेला तेव्हां तीही बरोबर होती. तेथेंच १७ फेब्रुवारी १९५० रोजीं तिचा अंत झाला. त्यानें तिला आपल्या वायुदलाच्या कोटांत गुंडाळून पुरलें आणि त्या जागीं स्वतःच्या हातांनीं दगडी स्मारक उभारलें.